विश्लेषण : बांधकाम नकाशांचे ऑनलाइन ग्रंथालय चालते कसे? फुकटच्या फाइलची जबाबदारी कोणावर?

एखाद्या नव्या गृहप्रकल्पाचा नकाशा पाहिला की त्यात दरवाजे, खिडक्या, कमोड, वॉश बेसिन, सोफा, पार्किंगमधील मोटारी आणि आवारातील झाडे दिसतात. यातील बहुतेक गोष्टी त्या वास्तुविशारदाने स्वत: काढलेल्या नसतात. त्या कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी काढून इंटरनेटवर ठेवलेल्या असतात आणि तेथून त्या नकाशात आलेल्या असतात. वेळ वाचवण्याची ही पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. पण जोवर कमोड आणि झाड उचलले जाते तोवर ठीक. त्याच ग्रंथालयातून कॉलमचा, स्लॅबचा किंवा पाण्याच्या टाकीचा तपशील उचलला गेला, तर प्रश्न सोयीचा राहत नाही. तो त्या इमारतीत राहायला येणाऱ्यांचा होतो.

या ग्रंथालयात नेमके काय असते?

ढोबळमानाने चार प्रकारच्या फाइल असतात. पहिला प्रकार ‘ब्लॉक’चा. ऑटोकॅडसारख्या प्रणालीत एकदा काढून ठेवलेले आणि हवे तितक्या वेळा चिकटवता येणारे सपाट चित्र म्हणजे ब्लॉक. दुसरा त्रिमितीय मॉडेलचा, म्हणजे चारही बाजूंनी फिरवून पाहता येणारी खुर्ची किंवा जिना. तिसरा ‘बिम ऑब्जेक्ट’चा. त्यात आकाराबरोबर माहितीही असते. रेव्हिट या प्रणालीतील दरवाजाला आपली रुंदी, साहित्य, उत्पादक आणि आगीत तो किती वेळ तग धरील हेही ठाऊक असते. रुंदीचा आकडा बदलला की चौकट आपोआप बदलते. चौथा प्रकार कागदपत्रांचा : सळयांचे तपशील, परिमाणे मोजण्याचे एक्सेल तक्ते, निविदेचे मसुदे, साइटवरील तपासणीच्या याद्या.

यातील चौथ्या प्रकाराची चर्चा सर्वात कमी होते आणि छोट्या शहरांत वापर मात्र त्याचाच सर्वाधिक होतो. तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्या इंजिनीअरला बार बेंडिंग शेड्यूलचा तयार तक्ता मिळाला, तर त्याची रात्र वाचते.

सुरुवात कशी झाली?

ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आले आणि ड्रॉइंग बोर्डावरचे काम हळूहळू संगणकावर गेले. प्रत्येक कार्यालयाने आपापले ब्लॉक जमवले. ते फ्लॉपीवर, पुढे सीडीवर आणि पेन ड्राइव्हवर हातोहात फिरू लागले. नोकरी बदलणारा ड्राफ्ट्समन आपला ‘डेटा’ बरोबर घेऊन जातो, ही या धंद्यातील उघड गोष्ट आहे. इंटरनेटने या हातोहात फिरण्याला एक पत्ता दिला, एवढेच.

सर्वात परिचित पत्ता म्हणजे ‘थ्रीडी वेअरहाउस’. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील अ‍ॅट लास्ट सॉफ्टवेअर या कंपनीने केलेली स्केचअप ही सोपी त्रिमितीय प्रणाली गूगलने २००६ मध्ये विकत घेतली, तिची मोफत आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी हे ग्रंथालय सुरू केले. गूगलचा हेतू मात्र वास्तुविशारदांची सोय हा नव्हता. गूगल अर्थच्या नकाशावर जगभरातील इमारती उभ्या करायच्या होत्या आणि ते काम हौशी लोक फुकटात करतील अशी ती योजना होती. लोकांनी ते केलेही. आपल्या गावातील चर्च, देऊळ, पूल, रेल्वे स्थानक यांची मॉडेल त्यांनी तयार केली. पुढे विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून संगणकच शहरे उभी करू लागला आणि २०१३ मध्ये गूगल अर्थने हाताने केलेली मॉडेल घेणे थांबवले. त्याच्या आदल्या वर्षीच, २०१२ मध्ये, स्केचअप ट्रिम्बल या कंपनीकडे गेले होते. इमारतींचा हेतू संपला. पण फर्निचर, फिटिंग आणि झाडे यांचा साठा वाढतच गेला. आज तेथे लाखो मॉडेल आहेत. मूळ धनी निघून गेल्यावरही टिकलेल्या बाजारासारखे हे ग्रंथालय आहे.

फाइल चढवल्यावर पुढे काय होते?

वाचनालयात पुस्तक आले की त्यावर दाखलांक पडतो, विषय ठरतो आणि कार्ड तयार होते. येथेही तसेच असते. फक्त कार्ड भरण्याचे काम देणाऱ्यावरच सोडलेले असते. फाइल चढवणारा नाव देतो, वर्ग निवडतो आणि शोधासाठी चार-पाच शब्द टाकतो. प्रणाली फाइलचे लहान चित्र बनवते आणि तिचे वजन मोजते. त्रिमितीय मॉडेल असेल, तर त्यात किती बहुभुज पृष्ठे आहेत तेही नोंदवते. मग ती फाइल शोधात दिसू लागते आणि किती जणांनी उतरवली, किती जणांना आवडली याचे आकडे तिला चिकटतात.

येथेच पहिली मेख आहे. लोकप्रियतेचा आकडा फाइल देखणी आहे का, हे सांगतो. ती बरोबर आहे का, हे सांगत नाही. दहा हजार जणांनी उतरवलेल्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची मोजायला त्यातील किती जण बसले असतील?

काही संकेतस्थळे गुणांवर चालतात. एक फाइल द्या, गुण मिळवा. गुण खर्चून दुसऱ्याची फाइल घ्या. कल्पना गावच्या भिशीसारखी सरळ आहे. पण गुणांसाठी लोक काय करतात, हे कोणत्याही भिशी चालवणाऱ्याला विचारावे. तीच फाइल नाव बदलून पुन्हा येते, दुसऱ्याच्या साइटवरून उचललेली येते, कुणाच्या तरी कार्यालयाचा शिक्का खोडून येते. साठ्याचा आकडा फुगतो आणि कामाची फाइल शोधणे अवघड होते. निवडक साठा ठेवणारी, प्रत्येक फाइल माणसाने उघडून पाहणारी ग्रंथालये त्यामुळेच लहान असतात. आणि अनुभवी लोक बहुधा तिकडेच वळतात.

फाइल उघडते, तरी बिघडते का?

उतरवलेली फाइल आपल्या नकाशात टाकली की काय काय घडते, हे कोणत्याही कार्यालयातील ड्राफ्ट्समन हसत सांगेल. पहिला गोंधळ एककांचा. इंचांत काढलेला ३६ इंची दरवाजा मिलिमीटरच्या नकाशात ३६ मिलिमीटरचा होतो, म्हणजे दिसतही नाही. उलट, ९०० मिलिमीटरचा दरवाजा इंचांच्या नकाशात ७५ फुटांचा होऊन इमारतीबाहेर जातो. फाइलमध्ये एककाची नोंद नीट असेल, तर प्रणाली स्वत: रूपांतर करते. नोंद नसेल, तर करत नाही.

दुसरा गोंधळ लेयरचा. नकाशातील भिंती, दरवाजे, मोजमापे वेगवेगळ्या पारदर्शक पदरांवर काढली जातात. जाणकार माणूस ब्लॉक ‘झीरो’ लेयरवर काढतो, कारण तसा ब्लॉक जेथे टाकला जाईल तेथील रंग आणि रेषेची जाडी घेतो. नवखा माणूस स्वत:च्या लेयरवर काढतो. मग एका कमोडबरोबर वीस अनोळखी लेयर घरात शिरतात. महाराष्ट्रात याचा फटका वेगळ्या जागी बसतो. बांधकाम परवानगीसाठी पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर किंवा तशी प्रणाली वापरली जाते, तेथे नकाशा संगणक वाचतो आणि तो लेयरच्या ठरलेल्या नावांवरून वाचतो. डोळ्यांना बरोबर दिसणारी भिंत चुकीच्या लेयरवर असेल, तर त्या संगणकाच्या लेखी ती भिंतच नसते.

तिसरा गोंधळ अक्षरांचा. तो मराठी माणसाला नवा नाही. जुन्या नकाशांतील ‘स्वयंपाकघर’, ‘देवघर’ हे शब्द युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलेले असतात. तो फॉन्ट समोरच्याच्या संगणकात नसला, की देवघराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. नकाशाला बाहेरून जोडलेल्या फाइल बरोबर न पाठवल्यासही असेच होते. अर्धा नकाशा रिकामा येतो. ऑटोकॅडमध्ये फॉन्ट आणि जोडफाइल एकत्र बांधून देणारी आज्ञा आहे. ती वापरण्याचा कंटाळा केला जातो.

आणि आवृत्तीचे दुखणे तर कायमचेच. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडतच नाही. त्यामुळे शहाणी ग्रंथालये मुद्दाम जुन्या आवृत्तीत फाइल ठेवतात. नव्या प्रणालीत ती आपोआप वर चढते. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी या साच्याची अंतर्गत रचना तर ऑटोडेस्कने कधी जाहीरच केली नाही. इतर कंपन्यांनी १९९८ मध्ये एकत्र येऊन एक संघटना काढली आणि उलट्या दिशेने उकल करून तो साचा वाचण्याची सोय केली. आज स्वस्तातील कॅड प्रणाली डीडब्ल्यूजी फाइल उघडतात त्यामागे ही खटपट आहे. कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला आयएफसी हा साचा २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. तरी रोजच्या देवाणघेवाणीत राज्य अजून डीडब्ल्यूजीचेच आहे.

फुकट आहे, तर पैसे कोण देते?

स्वीडनमधील माल्मो शहरात २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘बिमऑब्जेक्ट’कडे पाहिले, की हे गणित उलगडते. तेथे वास्तुविशारदाला फाइल फुकट मिळते. पैसे भरतात ते नळ, टाइल्स, दिवे आणि खिडक्या बनवणारे कारखाने. कारण सरळ आहे. नकाशा काढतानाच एखाद्या कंपनीचे बेसिन त्यात बसले, तर ओट्याचा कट, पाइपची जागा आणि उंची त्याच बेसिनप्रमाणे ठरते. दोन वर्षांनी खरेदीची वेळ येते तेव्हा दुसऱ्या कंपनीचे बेसिन घेणे म्हणजे नकाशात बदल करणे. विक्रेता दुकानात येण्याच्या खूप आधी नकाशात येऊन बसलेला असतो.

शिवाय नोंदणी करताना आपण कोण, कोणत्या देशात, कसले काम करतो हे सांगावे लागते. कोणत्या भागातील किती वास्तुविशारदांनी आपले उत्पादन उतरवले, ही माहिती कारखान्याला मिळते आणि ती त्याच्या विक्री विभागाच्या कामाची असते. मोफत फाइलची किंमत अशी वसूल होते. यात फसवणूक काही नाही, व्यवहार आहे. फक्त तो माहीत असावा. विशेषत: सरकारी कामात, जेथे निविदेत एकाच कंपनीचे उत्पादन गृहीत धरण्यावर निर्बंध असतात आणि नकाशातून ते मागल्या दाराने आत येऊ शकते.

कारखान्याच्या फाइलचा आणखी एक तापदायक गुण आहे. ती अतितपशीलवार असते. उत्पादन विभागातील मूळ मॉडेलच ग्रंथालयात टाकले जाते आणि नळाच्या आतील आटेसुद्धा त्यात असतात. दोनशे खोल्यांच्या हॉटेलात असे चारशे नळ लागले, की चांगला संगणकही धापा टाकतो. एकाच मॉडेलच्या प्रती वापरल्याने फाइलचे वजन फारसे वाढत नाही, पण पडद्यावर ते सगळे आटे काढावेच लागतात. कोणत्या टप्प्याला किती तपशील पुरे, याची १०० ते ५०० अशी एक श्रेणी अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने २००८ मध्ये आपल्या करारनाम्यात आणली. ती आता जगभर वापरली जाते. ग्रंथालयातील फाइलवर ही श्रेणी लिहिलेली असली, तर बरेच हाल वाचतात.

खरा धोका कुठे आहे?

सोफा चुकला तर सोफा बदलता येतो. कॉलमचे तसे नाही.

समजा, एका ग्रंथालयात ‘तीन मजली घराचा आरसीसी तपशील’ या नावाची फाइल आहे. नीटस काढलेली आहे, सळयांचे आकडे स्पष्ट आहेत, हजारो जणांनी उतरवली आहे. ती कोणत्या गावातील घराची, हे लिहिलेले नाही. भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतील नकाशानुसार नागपूर दुसऱ्या क्षेत्रात येते, पुणे व मुंबई तिसऱ्या आणि कोयनानगर चौथ्या. क्षेत्राचा आकडा जितका मोठा, तितके इमारतीला झेलावे लागणारे आडवे बल अधिक. नागपूरच्या घरासाठी केलेले गणित कोयनेच्या खोऱ्यात चालणार नाही, पण कागदावर दोन्ही कॉलम सारखेच दिसतात. त्यात जमिनीचा प्रश्न आहेच. काळ्या मातीतील फुटिंग आणि मुरमातील फुटिंग यांत किती अंतर असते, ते गावच्या गवंड्यालाही ठाऊक असते, फाइलला नसते.

गाव जसे गळते, तसा काळही गळतो. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा भाग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत सर्वात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात मोडत होता. त्या भूकंपात हजारो माणसे गेली. पडलेली घरे प्रामुख्याने दगडमातीची, जड माळवदाची होती. तरी ज्या नकाशावर विसंबून त्या भागातील सर्व बांधकामाचा विचार होत होता, तो नकाशाच अपुरा ठरला. २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्र रद्द झाले आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. त्याआधी त्या परिसरासाठी केलेले गणित आज एखाद्या फाइलमध्ये फिरत असेल, तर तारखेशिवाय ते ओळखण्याचा मार्ग नाही.

आणखी रोजचे उदाहरण नऊ इंची कॉलमचे. महाराष्ट्रातील घरबांधणीत २३० मिलिमीटर म्हणजे नऊ इंच रुंदीचा कॉलम लोकांना प्रिय आहे, कारण तो नऊ इंची भिंतीत लपतो. खोलीत कोपरा पुढे येत नाही, कपाट नीट बसते. भूकंपात इमारत वाकली तरी तुटू नये यासाठी सळयांची मांडणी सांगणारे आयएस १३९२० हे मानक १९९३ मध्ये आले. त्यात कॉलमची किमान रुंदी २०० मिलिमीटर होती. तुळईचा गाळा पाच मीटरहून मोठा असेल किंवा कॉलम चार मीटरहून उंच असेल, तरच ३०० लागत असे. मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने ही किमान मर्यादाच ३०० मिलिमीटर केली. तुळईतील सळईच्या व्यासानुसार ती याहून अधिकही लागू शकते. म्हणजे २०१६ पूर्वी नियमाला धरून काढलेला नऊ इंची कॉलमचा तपशील, त्यातील एक रेषही न बदलता, नियमबाह्य झाला. ग्रंथालयातील फाइल मात्र आहे तशी आहे. उलट जुनी असल्याने तिच्या डाउनलोडचा आकडा मोठा आहे आणि म्हणून ती शोधात वर दिसते.

कॉलमभोवतीच्या रिंगांचेही तसेच. मानकानुसार रिंगेचे आकडे १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसवायचे असतात. भूकंपात बाहेरचे काँक्रीट सुटले तरी रिंग उघडू नये, हे त्यामागचे कारण. पुष्कळ फिरत्या नकाशांत रिंग म्हणजे नुसता बंद चौकोन असतो. काढणाऱ्याने आळस केला, उचलणाऱ्याने तो पुढे नेला आणि साइटवर बारबेंडर काटकोनात आकडा वळवून मोकळा होतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्या हातातील कागदावर तेच आहे.

मग जबाबदारी कोणाची? बहुतेक ग्रंथालयांच्या अटींत फाइल ‘आहे त्या स्थितीत’ दिल्याचे आणि तिच्या अचूकतेची हमी नसल्याचे लिहिलेले असते. फाइल देणारा अनेकदा टोपणनावाने असतो. परवानगीच्या नकाशावर सही असते ती स्थानिक परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरची. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील दोष निदर्शनास आणला गेला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणजे कायद्याच्या साखळीत इंजिनीअर आहे, विकासक आहे, घर घेणारा आहे. फाइल देणारा आणि ग्रंथालय या साखळीत कुठेच नाहीत. तयार तपशील उचलणाऱ्याने हे विसरू नये. सही करताना तो ती फाइल स्वत:ची करत असतो.

फाइलचा मालक कोण?

‘नेटवर होती म्हणून घेतली’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात रेखाचित्र आणि वास्तुकृती दोन्ही ‘कलाकृती’ म्हणून संरक्षित आहेत. त्यासाठी नोंदणीची गरज नाही. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच असतो. कार्यालयात दहा वर्षे खपून तपशील काढणाऱ्या ड्राफ्ट्समनला ते ग्रंथालयात टाकण्याचा अधिकार बहुधा नसतो, ही गोष्ट त्याला स्वत:लाही पटत नाही. श्रम त्याचे असतात, हे खरेच.

ग्रंथालयांच्या परवान्यांतही बारकावे आहेत. थ्रीडी वेअरहाउसमधील मॉडेल आपल्या आराखड्यात वापरता येते, तो आराखडा ग्राहकाला विकताही येतो. पण तीच मॉडेल गोळा करून दुसरे ग्रंथालय थाटता येत नाही किंवा ‘पाच हजार मॉडेलचा पॅक’ करून विकता येत नाही. असे पॅक विकले जातात, हे वेगळे सांगायला नको. भारतात मालकाने लेखी तक्रार केली, तर संकेतस्थळाने ती फाइल २१ दिवस रोखून धरायची असते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही, तर ती पुन्हा दिसू लागू शकते. तोपर्यंत ती व्हॉट्सअ‍ॅपच्या किती ग्रुपवर पोहोचलेली असते, ते मोजणार कोण?

नकाशातून विषाणू येऊ शकतो?

येतो. २०१२ च्या जूनमध्ये स्लोव्हाकियातील ईसेट या सुरक्षा कंपनीने पेरू देशात पसरलेला एक विषाणू उघड केला. तो ऑटोकॅडच्याच ऑटोलिस्प भाषेत लिहिलेला होता. नकाशाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल असे. नकाशा उघडला की ऑटोकॅड ती आपणहून चालवत असे, आणि उघडलेल्या नकाशांच्या प्रती गुपचूप चीनमधील ई-मेल खात्यांवर जात. हजारो नकाशे असे गेले. सरकारी कामांसाठी पुरवल्या जाणाऱ्या साच्याच्या फाइलमधून तो पसरला असावा, असा त्या कंपनीचा अंदाज होता. म्हणजे लोकांनी तो विश्वासाच्या जागेवरून घेतला होता. ऑटोकॅडच्या २०१४ च्या आवृत्तीपासून अनोळखी जागेवरून असा कार्यक्रम चालवण्याआधी प्रणाली परवानगी विचारते. पळवाट काढलेल्या चोरट्या प्रतींवर काम करणारे अनेकदा ही विचारणाच बंद करून ठेवतात.

चांगले ग्रंथालय कसे ओळखावे?

मोठ्या प्रकल्पांत फाइल वाटण्याची दुसरी एक व्यवस्था असते. ती पाहिली की ग्रंथालयात काय उणे आहे ते लगेच कळते. २०१८ च्या आयएसओ १९६५० या मानकानुसार प्रकल्पाची प्रत्येक फाइल चारपैकी एका अवस्थेत असते : काम चालू, इतरांना पाहण्यास खुली, मान्य होऊन प्रसृत किंवा दप्तरी जमा. कोणी काढली, कोणी तपासली, कितवी दुरुस्ती आणि कशासाठी वापरायला चालेल, हे फाइलच्या नोंदीतच असते. साइटवर ‘बांधकामासाठी योग्य’ असा शिक्का नसलेला नकाशा वापरू नये हा जुना दंडक येथे संगणकात आला आहे. ब्रिटनने सरकारी कामांत एप्रिल २०१६ पासून अशी शिस्त सक्तीची केली. नागपूर मेट्रोच्या उभारणीतही बिमवर आधारित व्यवस्था वापरली गेली.

खुल्या ग्रंथालयाकडून इतकी अपेक्षा करता येणार नाही. पण संरचनेचा तपशील चढवताना गाव, भूकंपक्षेत्र, मानकाचे वर्ष आणि काढणाऱ्याचे नाव हे चार रकाने सक्तीचे करायला काही खर्च येत नाही. मानक बदलले की त्या वर्षाआधीच्या फाइलवर आपोआप लाल पट्टी दाखवणेही अवघड नाही. हे होत नाही, कारण रकाने वाढले की फाइल चढवणारे कमी होतात आणि साठ्याचा आकडा दाखवूनच जाहिराती मिळतात.

मानकेच मिळत नव्हती, त्याचे काय?

या सगळ्याला एक पार्श्वभूमी आहे आणि ती इंजिनीअरांच्या बाजूची आहे. अनेक वर्षे भारतीय मानके विकत घ्यावी लागत. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेची किंमत १३ हजार रुपयांहून अधिक होती. छोट्या गावातील इंजिनीअर ती घेणार कशी? मग तो फिरत्या झेरॉक्सवर, अर्धवट पीडीएफवर आणि दुसऱ्याच्या तयार तपशिलावर विसंबणार, हे उघड होते. अमेरिकेतील कार्ल मालामूद यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेने ही मानके विकत घेऊन हजारोंच्या संख्येने इंटरनेटवर मोफत ठेवली. सुरक्षेचे नियम म्हणजे कायदाच आणि कायदा वाचायला पैसे पडू नयेत, हा त्यांचा मुद्दा होता. भारतीय मानक ब्युरोने त्यांचे सदस्यत्व पुढे चालू ठेवण्यास नकार दिला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

आता ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून बहुतेक भारतीय मानके मोफत उतरवता येतात. मोबाइलवरही ती उघडतात. आयएस १३९२० त्यात आहे. उतरवलेल्या नकाशातील कॉलमची रुंदी त्याच्याशी ताडून पाहायला पाच मिनिटे पुरतात.